निघोजचे रांजणखळगे एचडीआर पद्धतीने टिपताना

अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात, भोवऱ्यांबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बसाल्ट खडक झिजवून जे रांजणखळगे घडवले आहेत, त्यांचे छायाचित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. खडक मुळातच काळा, त्यात खळगे खोल, आणि वर उघडे आकाश. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येऊ द्यायचा प्रकाश, आकाशाप्रमाणे ठेवले तर खळग्यांच्या भिंती काळ्याठिक्कर होतात. भिंतींप्रमाणे ठेवले तर आकाश पांढरेफटक पडते. म्हणूनच एकाच चौकटीची कमी-अधिक एक्स्पोजरची छायाचित्रे घेऊन ती एकत्र करण्याची एचडीआर पद्धत येथे उपयोगी पडते.

पावसाळ्यात पात्र भरलेले असते, त्यामुळे पाणी ओसरल्यानंतरच जावे. सकाळी किंवा उतरत्या दुपारी तिरपे ऊन खडकावर पडते, तेव्हा काठांची वळणे आणि भिंतींवरची गुळगुळीत झीज उठून दिसते. खळग्यांच्या काठाशी ट्रायपॉडचे पाय घसरतात; ते पक्के रोवले आहेत याची खात्री करून मगच कॅमेरा चढवावा, आणि काठावरून वाकून पाहण्याचा मोह टाळावा.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवून अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) एफ/८ ते एफ/११, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) कायम करावा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल निवडावी, आणि फोकस एकदा साधल्यावर ऑटोफोकस बंद करावा. बदलायचा तो केवळ शटरचा वेग. अ‍ॅपर्चर बदलले तर प्रत्येक चौकटीत स्पष्टतेची खोली वेगळी येते आणि जोडकाम बिघडते. मधले एक्स्पोजर १/६० सेकंद असेल, तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने १/२५० आणि १/१५ अशी आणखी दोन छायाचित्रे घ्यावीत. ब्रॅकेटिंगची (कमी-अधिक एक्स्पोजरची छायाचित्रे आपोआप घेण्याची) सोय आणि दोन सेकंदांचा टायमर वापरल्यास कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. त्यानंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहावा: सर्वांत गडद छायाचित्रात आलेख उजव्या कडेला आदळता कामा नये, आणि सर्वांत उजळ छायाचित्रात तो डाव्या कडेपासून सुटलेला असावा. तो डाव्या कडेला चिकटलेलाच असेल तर १/४ सेकंदाचे चौथे छायाचित्र घ्यावे.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही छायाचित्रे एकत्र करताना डबक्यातले हलते पाणी त्रास देते, कारण प्रत्येक चौकटीत तरंग निराळे असतात. त्यासाठी डीघोस्ट ही हललेल्या भागांच्या दुहेरी छटा घालवणारी सोय आधी कमी प्रमाणात वापरून पाहावी. ती जास्त ठेवली तर त्या भागात नॉइज (दाणेदारपणा) दिसू लागतो.

खरी कसोटी यानंतर लागते. शॅडोज (गडद भागांचा उजेड) आणि क्लॅरिटी (बारकाव्यांचा उठाव) वाढवत नेली की काळा बसाल्ट सिमेंटसारखा राखाडी होतो आणि खडक व आकाश यांच्या सीमेवर उजळ प्रभावळ उमटते. माझ्या मते एचडीआरची बदनामी झाली ती याच हौसेपायी. खळग्याचा तळ थोडा अंधारा राहू द्यावा, कारण त्या अंधारामुळेच खोली जाणवते. भिंतीवरची झीज आणि तळाशी साचलेले गोटे ओळखू आले की थांबावे. ब्लॅक्सचा स्लायडर किंचित खाली ओढला की खडकाला त्याचा काळेपणा परत मिळतो. शेवटी छायाचित्र शंभर टक्के मोठे करून आकाशालगतची कड तपासावी.

आकाश ढगाळ असेल तर हा सारा खटाटोप बहुधा अनावश्यक ठरतो. अशा मवाळ प्रकाशात एकाच रॉ फाइलमधून आकाश आणि भिंती दोन्ही नीट निघतात.