विद्युत रोध समजून घेताना: नायक्रोमची तार, दोन मापके आणि एक प्रश्न

ओहमच्या नियमाचे सूत्र (विभवांतर = विद्युतधारा × रोध) वर्गातील जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते, आणि तरीही दोन-तीन रोध जोडलेला परिपथ समोर आला की उत्तरे चुकतात. वही तपासली तर बहुतेक वेळा एकच कारण सापडते: सूत्रात विभवांतर एका रोधाचे, विद्युतधारा दुसऱ्याच शाखेतली आणि रोध तिसराच कोणता तरी घातलेला असतो. वास्तविक या तिन्ही राशी वाहकाच्या एकाच तुकड्याच्या असाव्या लागतात. म्हणून प्रयोग करताना असो वा उदाहरण सोडवताना, आकडा मांडण्यापूर्वी ‘हे विभवांतर कोणत्या दोन बिंदूंमधले?’ असे स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

धातूच्या तारेत मुक्त इलेक्ट्रॉन असतात. तारेच्या दोन टोकांत विभवांतर, म्हणजे विद्युत दाबातील फरक, निर्माण केले की ते एका दिशेने सरकू लागतात. वाटेत कंप पावणाऱ्या आयनांशी त्यांच्या टकरा होत राहतात, गतीला अडथळा येतो आणि त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तारेत उतरते. या अडथळ्याचे माप म्हणजे रोध. तार जितकी लांब तितका तो अधिक आणि काटछेदी क्षेत्रफळ जितके मोठे तितका कमी. उरलेला फरक पदार्थाचा, आणि तो रोधकतेत येतो. तांब्याची रोधकता सुमारे ०.०१७ मायक्रोओहम मीटर आहे, तर नायक्रोम या निकेल-क्रोमियमच्या संमिश्राची सुमारे १.१ मायक्रोओहम मीटर. त्यामुळे ०.४ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नायक्रोम तारेचा रोध पावणेनऊ ओहमच्या आसपास भरतो, आणि तेवढ्याच लांबी-जाडीच्या तांब्याच्या तारेचा जेमतेम ०.१४ ओहम. जोडणीच्या तांब्याच्या तारांचा रोध उदाहरणांत शून्य धरतात, तो का, हे या दोन आकड्यांवरून कळते.

आता प्रयोग. यासाठी नायक्रोमची वरील तार, दीड व्होल्टचे तीन घट, एक अमीटर, एक व्होल्टमीटर आणि एक प्लग कळ पुरेशी आहे. घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्याला या कामात कधीही हात लावू नये. घट, कळ, अमीटर आणि तार एकापाठोपाठ एक जोडून परिपथाचा एक वळसा पूर्ण करावा. व्होल्टमीटर मात्र सर्वांत शेवटी, फक्त नायक्रोमच्या तारेच्या दोन टोकांना जोडावा. अमीटरचा स्वतःचा रोध फार कमी ठेवलेला असतो, कारण त्याने मोजायची विद्युतधारा त्याच्यातूनच जाते. त्याच कारणाने तो चुकूनही थेट घटांच्या दोन टोकांना जोडू नये. मोठी विद्युतधारा वाहून तो बिघडतो. व्होल्टमीटरचा रोध याउलट फार मोठा असतो, म्हणजे बाजूने जोडल्यावर तो विद्युतधारेचा नगण्य भागच स्वतःकडे वळवतो.

वाचने बिघडतात ती बहुधा सांध्यांवर. नायक्रोमच्या तारेवर ऑक्साइडचा थर असतो, म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत दिसेपर्यंत घासावीत आणि स्क्रू घट्ट पिळावेत. कळ बंद करण्यापूर्वी, म्हणजे परिपथ पूर्ण करून विद्युतधारा सुरू करण्यापूर्वी, दोन्ही मापकांचे काटे शून्यावर आहेत का ते पाहावे, आणि वाचन घेताना डोळा काट्याच्या अगदी समोर ठेवावा. कळ वाचनापुरतीच बंद करून लगेच उघडावी, कारण विद्युतधारा वाहत राहिली की तार तापते, घट उतरतात आणि आपण मोजत असलेली परिस्थितीच बदलत जाते.

एक घट, मग दोन, मग तीन असे जोडत गेल्यास नमुन्यादाखल अशी वाचने येतील: १.४ व्होल्टला ०.१६ ॲम्पिअर, २.८ व्होल्टला ०.३२ ॲम्पिअर आणि ४.२ व्होल्टला ०.४८ ॲम्पिअर. घटावर १.५ व्होल्ट छापलेले असताना व्होल्टमीटर १.४ दाखवतो, यात मापकाचा दोष नाही. घटालाही अंतर्गत रोध असतो आणि उरलेला दशांश व्होल्ट मुख्यतः तेथेच खर्च होतो. म्हणूनच भागाकार करताना घटावर छापलेला आकडा न घेता तारेच्या टोकांमधला मोजलेला आकडा घ्यायचा. तिन्ही जोड्यांचा भागाकार ८.७५ ओहम येतो. विभवांतर दुप्पट-तिप्पट झाले तरी रोध हलत नाही. आलेख काढावा आणि बिंदूंना सांधत नागमोडी रेघ न ओढता आरंभबिंदूतून जाणारी, सर्व बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळची सरळ रेषा काढावी. विभवांतर उभ्या अक्षावर घेतले असेल तर रेषेचा चढ म्हणजेच रोध. विद्युतधारा उभ्या अक्षावर असेल तर तोच चढ रोधाचा व्यस्त असतो. अक्षांची नावे न वाचता चढ काढणाऱ्यांचे येथे हमखास गुण जातात.

पुरवठा स्थिर ठेवण्याची ही धडपड खुद्द जॉर्ज सायमन ओहम यांनाही करावी लागली होती. जर्मनीतील कोलोन येथील शाळेत शिकवत असताना त्यांनी प्रयोगांना सुरुवात केली. परंतु त्या काळचे व्होल्टाचे घट वाचन घेता घेताच उतरत. तेव्हा त्यांनी बिस्मथ व तांबे यांचा जोड वापरला, त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले आणि तापमानातील त्या कायम फरकातून स्थिर विभवांतर मिळवले. १८२७ साली त्यांचा ग्रंथ बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगातील ही शिस्त मला त्या सूत्राइतकीच मोलाची वाटते.

त्याच तारेवर व्होल्टमीटरचे एक टोक सरकवत २५, ५० आणि ७५ सेंटिमीटरवर वाचने घेतली, तर अमीटरचा आकडा तोच राहतो आणि विभवांतर लांबीच्या प्रमाणात वाढत जाते. विद्युतधारा रोधातून जाताना ‘संपत’ नाही, हे याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही.

एकसर, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडणीत हेच घडते: विद्युतधारा सर्व रोधांतून तीच, विभवांतराची मात्र वाटणी, आणि रोधांची थेट बेरीज. समांतर जोडणीत, म्हणजे सर्व रोध त्याच दोन बिंदूंमध्ये जोडले असता, विभवांतर समान असते, विद्युतधारा वाटली जाते आणि रोधांच्या व्यस्तांची बेरीज करावी लागते. परिणामी रोध त्यांतील सर्वांत लहान रोधापेक्षाही लहान येतो. आणखी एक रोध जोडूनही एकूण रोध घटतो हे विद्यार्थ्यांना विचित्र वाटते, पण एसटी स्थानकावर आरक्षणाची दुसरी खिडकी उघडली, मग ती कितीही संथ असो, तरी तासाभरात तिकिटे जास्तच निघतात.

दोन्ही जोडण्या एकत्र आल्या की खरी कसोटी लागते. समजा ६ व्होल्टच्या बॅटरीला २ ओहमचा रोध एकसर जोडला आहे आणि त्यापुढे ३ व ६ ओहमची समांतर जोडी आहे. पुष्कळ जण ६ ओहमसमोर ६ व्होल्ट मांडून १ ॲम्पिअर असे उत्तर देतात. येथे सुरुवातीचा प्रश्न विचारावा: ६ व्होल्ट कोणत्या दोन बिंदूंमधले? बॅटरीच्या टोकांमधले, म्हणून ते फक्त संपूर्ण परिपथाच्या रोधाबरोबरच वापरता येतील. समांतर जोडीचा रोध १८ भागिले ९, म्हणजे २ ओहम. एकूण रोध ४ ओहम. बॅटरीतून निघणारी विद्युतधारा १.५ ॲम्पिअर. आता पहिल्या २ ओहमच्या टोकांमध्ये ३ व्होल्ट पडतात आणि जोडीला उरलेले ३ व्होल्ट मिळतात. त्यावरून ३ ओहममधून १ ॲम्पिअर आणि ६ ओहममधून ०.५ ॲम्पिअर वाहते. दोन्हींची बेरीज पुन्हा १.५ येते, ही पडताळणी दरवेळी करावी. तिला अर्धे मिनिटही लागत नाही.

तापण्याच्या प्रश्नांतही समान काय आहे ते आधी शोधावे. २३० व्होल्ट, ६० वॉटच्या तंतूच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतील रोध सुमारे ८८२ ओहम आणि १०० वॉटच्या बल्बचा ५२९ ओहम. घरात ते समांतर असतात, विभवांतर समान असते, त्यामुळे कमी रोधाचा, १०० वॉटचा बल्ब जास्त प्रकाश देतो. तेच दोन बल्ब एकसर जोडले तर विद्युतधारा समान होते आणि ६० वॉटचा अधिक उजळतो. बल्बचा तंतू ओहमच्या सरळ रेषेत बसत नाही, हेही लक्षात ठेवावे. टंगस्टन तापत जाते तसा त्याचा रोध वाढतो, आणि होल्डरमधून काढलेल्या थंड बल्बचा रोध पेटलेल्या बल्बच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी भरतो. म्हणूनच असे बल्ब बहुधा बटण दाबताक्षणीच जात, कारण पहिला लोंढा सर्वांत मोठा असतो.

शेवटी मल्टीमीटर हाती असलेल्यांसाठी. रोध मोजण्यापूर्वी बॅटरी परिपथातून काढावी, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा लहानसा आकडा टिपावा आणि तो पुढच्या वाचनातून वजा करावा. वरच्या परिपथात ३ ओहमचा रोध जागेवरच मोजला तर मल्टीमीटर २ ओहम दाखवील, कारण ६ ओहमची शाखाही त्याच दोन बिंदूंमध्ये जोडलेली असते. ३ हाच आकडा हवा असेल तर त्या रोधाचे एक टोक आधी सोडवून घ्यावे.