आडवा घसरलेला भाव: फ्रेमबफर बॅकएंड लिहिताना या चुका टाळा

महिन्याला दोन-तीन पोरं तरी मला फोटो पाठवतात. स्क्रीनशॉट नाही, मोबाइलने काढलेला फोटो, कारण स्क्रीनशॉट निघावा इतकं त्यांचं अजून काही चालत नसतं. स्क्रीनवर रंगीत चिखल, काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि खाली एकच ओळ: "ताई, काय चुकलं?" फोटो उघडण्याआधीच उत्तर टाइप करायला घ्यावं इतक्या त्याच त्या चुका असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कुणी नवीन असेल त्याच्यासाठी एवढंच. विंडो मॅनेजर ठरवतो की कुठली खिडकी कुठे, कुणाच्या वर कोण. बॅकएंडचं काम खालचं: तयार झालेलं चित्र स्क्रीनच्या मेमरीत नेऊन ठेवायचं. या मेमरीलाच फ्रेमबफर म्हणतात, आणि लिनक्सवर ती एका डिव्हाइस फाइलमागे असते. ती उघडायची, एममॅप करायची (म्हणजे आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत जोडून घ्यायची), बाइट लिहायचे. पन्नास ओळींचं काम. त्यामुळेच पोरं पुढचं-मागचं न वाचता थेट लिहायला बसतात.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे ओळीची लांबी रुंदीवरून काढणं. ही मी स्वतः केलेली आहे.

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारलं की तो दोन तक्ते देतो. एकात रुंदी, उंची, एका पिक्सेलला किती बिट, कुठला रंग कुठल्या बिटांत. दुसऱ्यात एकूण मेमरी किती आणि मेमरीतली एक ओळ किती बाइटची. या शेवटच्या आकड्याचं नाव लाइन_लेंग्थ. नवखा माणूस पहिला तक्ता वाचतो, रुंदी गुणिले चार करतो आणि दुसऱ्याकडे बघतही नाही.

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात भावफलक लावायचा होता. जुना इंटेलचा डबा, त्याला बत्तीस इंची टीव्ही, वर आमचा छोटा विंडो मॅनेजर: एका खिडकीत सोयाबीन, तूर, हरभरा, दुसरीत आजची आवक. घरी माझ्या १९२० बाय १०८० मॉनिटरवर महिनाभर एकदाही अडखळलं नाही. दसरा उलटला होता, आवक वाढली होती, सौद्याच्या आधी फलक लागायला हवा होता. टीव्ही चालू केला. वरची हिरवी पट्टी सरळ आली. तिच्याखाली मात्र अक्षरं डाव्या बाजूला अशी ताणली गेली की भिंतीवरचा चुना आडवा ओघळावा. शेठ दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, सोयाबीन घसरायलंय ते आम्ही रोजच बघतो. पण असं आडवं घसरताना पहिल्यांदाच बघायलाव." हमाल हसले. मीही हसले, पण पोटात गोळा आला होता.

पट्टी सरळ आणि अक्षरं वाकडी, म्हणजे दोष फॉन्टचा, असा मी निष्कर्ष काढला. देवनागरी जोडाक्षरांची लायब्ररी आधीच माझ्या डोक्यात बसलेली होती, तिच्यावर दोन तास फुकट घालवले. पट्टी सरळ का दिसत होती ते नंतर कळलं. ती एकाच रंगाची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. ती कितीही सरकली तरी कुणाला कळणार?

सुगावा लागला तो स्क्रीनच्या तळाशी. अगदी खालच्या पाच ओळींत माझं काहीच नव्हतं, जुन्या कन्सोलच्या अक्षरांचे तुटके पाय तेवढे दिसत होते. मग मोबाइलवर हिशेब मांडला. टीव्ही १३६६ बाय ७६८ चा. १३६६ गुणिले ४ म्हणजे ५४६४ बाइट. इंटेलचा ड्रायव्हर ओळ ६४ च्या पटीत ठेवतो, आणि ५४६४ ला ६४ ने पूर्ण भाग जात नाही. पुढची पट ५५०४. म्हणजे दर ओळीला ४० बाइटची, १० पिक्सेलची तूट. माझी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल डावीकडे सुरू होत होती. ४० पिक्सेल उंच अक्षर खाली पोचेपर्यंत ४०० पिक्सेल वाहून जाणार. आणि ७६८ ओळींची तूट ३०,७२० बाइट, म्हणजे साडेपाच ओळी. तळाची ती मोकळी पट्टी हीच.

घरी का दिसलं नाही? १९२० गुणिले ४ म्हणजे ७६८०, ६४ ची बरोबर १२० वी पट. १२८०, १०२४, ८०० यांनाही पूर्ण भाग जातो. चूक महिनाभर माझ्याच घरात बसलेली होती, मॉनिटर तिच्या सोयीचा होता.

हेच एका पोराला सांगितलं तर त्याने दुसऱ्या दिवशी अभिमानाने कळवलं की प्रश्न सुटला. लाइन_लेंग्थ वाचून? नाही. त्याने रुंदीच्या जागी १३७६ लिहून टाकलं, कारण ५५०४ भागिले ४ तेवढेच होतात. चित्र सरळ झालं. आठवड्याने फोन: "ताई, खिडकी मोठी केली की बंद करायचं बटण अर्धंच दिसायलंय." दिसणारच अर्धं. शेवटचे दहा पिक्सेल स्क्रीनच्या बाहेर आहेत, तिथे तू बटण काढायलास. जुगाडाला माझा विरोध नाही, शेतातल्या मोटारीपासून घरातल्या इन्व्हर्टरपर्यंत आमच्याकडे सगळं त्याच्यावर चालतं. पण जो आकडा कर्नल विचारल्याबरोबर सांगतो, तो अंदाजाने लिहायचा आळस कशाला?

माझी सवय आता अशी. बॅकएंड पहिल्यांदा चालवते तेव्हा खिडकी, माउस, फॉन्ट काहीही नसतं. स्क्रीनच्या चारही कडांना एक पिक्सेलची चौकट आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा. उजवी उभी कड दिसली आणि रेघा कोपऱ्यातच टेकल्या तर पुढे जायचं. आणि घरच्या मॉनिटरवरही स्वतःच्या रॅममधल्या बफरची ओळ मुद्दाम चाळीस-पन्नास बाइट लांब ठेवते, म्हणजे कुठे रुंदी गुणिले चार राहून गेलं असेल तर ते माझ्याच टेबलावर वाकडं दिसतं.

"फ्रेमबफर जुनं झालं, आता डीआरएम वापरा" हे सांगणारेही भेटतात; डीआरएम ही कर्नलची स्क्रीन चालवायची नवी पद्धत. बरोबरच आहे. कर्नलमध्ये या जुन्या पद्धतीचे नवे ड्रायव्हर घेत नाहीत, आणि आज जी एफबी० फाइल दिसते ती बहुतेक वेळा डीआरएमवरचाच पातळ थर असते. नवं काम असेल तर खुशाल डीआरएमचा डम्ब बफर (चित्र ठेवायची साधी मेमरी) घ्या. तो बनवल्यावर कर्नल पिच नावाचा आकडा, म्हणजे इथली लाइन_लेंग्थ, परत देतो. तोही पोरं वाचत नाहीत.

दुसरी चूक कन्सोलची. ही रात्री साडेअकराला फोन करायला लावते.

काही केलं नाही तर टेक्स्ट कन्सोलला, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या कर्नलच्या टर्मिनलला, वाटतं की स्क्रीन अजून आपलीच. तुमच्या सुंदर खिडकीवर त्याचा कर्सर लुकलुकत राहतो. आंतरजालावरचा सोपा इलाज म्हणजे कर्सर लपवायचा एस्केप कोड. त्याने कर्सर जातो, पण कुणी पेन ड्राइव्ह लावला की कर्नलचा संदेश खिडकीच्या छाताडावर उमटतो. खरा इलाज म्हणजे त्या टर्मिनलला केडी_ग्राफिक्स या चित्राच्या मोडमध्ये टाकायचं. मग कन्सोल चित्र काढणं थांबवतो.

इथवर पोरं येतात. परत केडी_टेक्स्टमध्ये आणायचं कुणी, हा प्रश्न पडत नाही.

परभणीच्या एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम सेगफॉल्टने (मेमरीच्या हद्दीबाहेर हात घातल्याने) मेला. शेवटची फ्रेम स्क्रीनवर तशीच राहिली, खिडक्या जागच्या जागी, अगदी चालू असल्यासारख्या. माउस हलेना, कीबोर्ड मेलेला, कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने दुसऱ्या कन्सोलवरही जाता येईना. हे शेवटचं त्याला फार लागलं होतं, पण त्यात नवल नाही. टर्मिनल ग्राफिक्स मोडमध्ये आहे आणि कन्सोलची अदलाबदल स्वतःकडे घेतलेली नाही, कर्नलच ती करतो त्या व्हीटी_ऑटोवर सोडली आहे, अशा वेळी कर्नल कन्सोल बदलायची विनंती सरळ दुर्लक्षितो. "मग काय केलास?" "बटन दाबून बंद केलो, ताई." "किती वेळा?" तो गप्प. मग हळूच, "दहा-अकरा." दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होताना फाइल सिस्टिम दुरुस्त करत बसलं, ते वेगळंच.

त्याला कुणीतरी सुचवलं होतं की एटएक्झिटमध्ये (प्रोग्राम नीट संपताना चालणाऱ्या कोडमध्ये) टेक्स्ट मोड परत करायचा. सेगफॉल्टला एटएक्झिट चालत नाही. सिग्नल पकडला तरी सिगकिल (ताबडतोब मारणारा सिग्नल) पकडता येत नाही, आणि वैतागलेला माणूस सिगकिलच पाठवतो. मी दोन प्रोसेस ठेवते. बापप्रोसेस टर्मिनल उघडतो, आधीची अवस्था जपून ठेवतो, ग्राफिक्स मोड लावतो आणि पोराला जन्म देऊन नुसता वाट बघत बसतो. विंडो मॅनेजरचं सगळं पोरात. पोर कसंही मेलं तरी बाप उठतो आणि टर्मिनल जसं होतं तसं करून ठेवतो. बापाच्या कोडमध्ये चाळीस ओळींच्या वर काही जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तोही मरायला लागतो.

शिवाय सुटका नावाचा एक छोटा प्रोग्राम माझ्या प्रत्येक मशीनवर असतो. तो टर्मिनल उघडून टेक्स्ट मोड आणि कीबोर्ड मोड परत लावतो, बाकी काही नाही. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून) आत शिरायचं आणि तो सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवायचा. दुसरं मशीन नाही ही सबब मला सांगू नका, खिशातल्या फोनवर एसएसएच चालतं.

कन्सोल अदलाबदल स्वतःकडे घेतलीत तर सोडा म्हणणारा सिग्नल आल्यावर आधी चित्र काढणं थांबवा, मगच कर्नलला होकार द्या. परत आल्यावर सगळी स्क्रीन नव्याने काढा, तुकडे नव्हेत.

बाकीच्या पटपट.

फ्रेमबफरमधून वाचू नका. ती मेमरी सहसा लिहायला बरी आणि वाचायला भयंकर मंद असते. पारदर्शक सावली काढताना खालचा रंग तिथूनच उचलला की खिडकी ओढताना चिखलात बैलगाडी रुतल्यागत होते. सगळं रॅममध्ये काढा आणि बदललेले चौकोन तेवढे ओळीओळीने उतरवा. माउसच्या कर्सरखालचं चित्रही रॅममधूनच घ्या.

रंगांचा क्रम गृहीत धरू नका. लाल निळा दिसला तर केबल बदलत बसू नका, तक्त्यातले ऑफसेट वाचा.

दोन बफर (एक दिसतो तोवर दुसऱ्यात काढायचं) मिळतीलच असंही धरू नका. डीआरएमवरचा एफबी थर मुळात जास्तीची मेमरी राखत नाही, त्यामुळे दुसऱ्या बफरसाठी आभासी उंची दुप्पट मागितली की चक्क नकार येतो. नकाराचा कोड तपासलाच नाही तर दुसरा बफर मेमरीच्या हद्दीबाहेर, आणि मग वरचा परभणीचा किस्सा पहिल्यापासून.

कातरकाम, म्हणजे स्क्रीनबाहेरचा भाग कापणं. खिडकी डावीकडे पूर्ण बाहेर गेली: एक्स उणे ५०, रुंदी ३०. तुम्ही तपासता की एक्स अधिक रुंदी स्क्रीनपेक्षा मोठी आहे का. बेरीज उणे २०. पण तक्त्यातली रुंदी अनसाइन्ड (उणे आकडा न धरणारी), त्यामुळे सीमध्ये उणे २० चे चार अब्जांच्या वर काहीतरी होतात, अट खरी ठरते, आणि तुमचा कोड खिडकी उजवीकडून कापायला जाऊन तिची रुंदी १४१६ करून ठेवतो. तक्ता वाचल्याबरोबर रुंदी-उंची साध्या इंटमध्ये उतरवून घ्या. मी ही चूक आजवर स्वतः लिहिलेल्या प्रत्येक बॅकएंडमध्ये एकदा तरी केली आहे.

हातभर वायरने जोडायची ती ३२० बाय २४० ची एसपीआय (एका तारेवरून एकेक बिट घेणारी) स्क्रीन घेऊन "साठ फ्रेम का येईनात" असं विचारू नका. १६ बिटने एक फ्रेम १,५३,६०० बाइट. ३२ मेगाहर्ट्झच्या तारेवर ती उतरायला ३८ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला २६, तेही तार दुसरं काही करत नसेल तर. कोड कितीही घासलात तरी तार रुंद होत नाही.

सगळं सुडोने चालवू नका. व्हिडिओ आणि इनपुट या दोन ग्रुपमध्ये नाव घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करता "ग्रुप चालंना" म्हणणाऱ्याला मी आता उत्तरच देत नाही.

आणि कीबोर्ड. इव्हेंट फाइलमधून (कीबोर्डच्या डिव्हाइस फाइलमधून) कळा वाचता म्हणून त्या कन्सोलकडे जायच्या थांबतात असं नाही. दोन्हीकडे जातात. तुमच्या खिडकीत जे टाइप होतं ते सगळं मागच्या शेलसाठी (कन्सोलवर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) साठत राहतं. टर्मिनलचा कीबोर्ड के_ऑफ करा, आणि तो परत लावायचं काम त्या बापाकडे द्या. एका मुलाने हे केलं नव्हतं. त्याचा विंडो मॅनेजर पहिल्यांदा नीट चालला, त्याने त्यातच टर्मिनल उघडलं, जुने प्रयोग पुसायला गिट चेकआउट डॉट मारलं (कमिट करून जपून न ठेवलेले बदल ही आज्ञा पुसते), आणि मग दुपारभर त्यातच बसून कर्सरचा सगळा कोड नव्याने लिहिला. संध्याकाळी बाहेर पडला. मागचा शेल जागा झाला आणि दुपारपासून साठलेल्या ओळी एकेक करून चालवायला लागला. पहिलीच ओळ गिट चेकआउट डॉट.

फोनवर मी विचारलं, "कमिट केलं होतंस का?"

"करणारच होतो की, ताई."