माशांसाठी न्यूक्लिएज आखताना या चुका टाळा

झेब्राफिशच्या शेकडो भ्रूणांना इंजेक्शन देऊनही जनुकात बदल दिसला नाही, की संशय बहुधा सुईवर नाहीतर कॅस९ या प्रथिनावर, म्हणजे डीएनए कापणाऱ्या न्यूक्लिएजवर घेतला जातो. माझ्या मते आधी लक्ष्यक्रम, म्हणजे डीएनएचा जो भाग कापायचा तो, पाहावा.

सर्वांत महागात पडते ते संदर्भ जीनोमवर (प्रजातीचा नमुना म्हणून नोंदलेल्या डीएनए-क्रमावर) विसंबून गाइड आरएनए (कॅस९ला कापायच्या जागी नेणारा रेणू) निवडणे. झेब्राफिशचा संदर्भ जीनोम मुख्यतः ट्यूबिंगेन स्ट्रेनचा (वाणाचा) आहे आणि अनेक प्रयोगशाळांत एबी स्ट्रेन पाळली जाते. कॅस९ला २० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) लक्ष्याला लागून एनजीजी (कोणताही एक बेस आणि दोन जी) हा पॅम, म्हणजे कापण्याची खूण, लागतो; संदर्भात टीजीजी असलेल्या जागी तुमच्या माशांत टीजीए असेल, तर सॉफ्टवेअरने कितीही उत्तम गुण दिलेला गाइड तिथे फारसा कापणार नाही. म्हणून ज्या नर-माद्यांची अंडी वापरायची, त्यांच्याच शेपटीच्या पराचा छोटा तुकडा घेऊन तो भाग सिक्वेन्स करावा आणि मगच गाइड मागवावा.

माशांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. टेलिऑस्ट माशांच्या (आजचे बहुतेक हाडे असलेले मासे) पूर्वजात संपूर्ण जीनोम एकदा दुप्पट झाला आणि सॅमनच्या कुळात तो पुन्हा दुप्पट झाला, त्यामुळे पुष्कळ जनुकांच्या दोन किंवा अधिक प्रती आढळतात. एक प्रत बंद पाडल्यावर दुसरीने काम सांभाळले, तर परिणाम न दिसण्याचा दोष न्यूक्लिएजवर येतो. दोन्ही प्रती शेजारी मांडून, एकच कापायची की दोन्ही, हे आधी ठरवावे.

टॅलेन (डाव्या-उजव्या दोन भुजांनी डीएनए ओळखणारे दुसऱ्या प्रकारचे न्यूक्लिएज) वापरणाऱ्यांनी उजवी भुजा विरुद्ध धाग्यावर ५′ कडून ३′ कडे वाचावी. ती सरळ धाग्यावरच लिहून टाकणे ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक भुजेच्या लक्ष्याआधी टी असावा, आणि फॉकआयच्या (टॅलेनमधल्या कापणाऱ्या भागाच्या) दोन अर्ध्या भागांची जोडी जमण्याइतके, साधारण १४ ते २० बेसचे अंतर मध्ये ठेवावे.

वेळेचेही भान हवे. २८.५ अंश सेल्सिअसला फलनानंतर सुमारे पाऊण तासात पहिले पेशीविभाजन होते. एमआरएनएपासून (प्रथिन बनवण्याचा संदेश देणाऱ्या आरएनएपासून) कॅस९ तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर पेशी वाढल्याने मासा मोझेक होतो, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे बदल राहतात. एकपेशी अवस्थेतच तयार प्रथिन व गाइड यांचे संकुल दिल्यास हे बरेच कमी होते, पूर्णपणे टळत मात्र नाही.

जनुकात बदल झाला का हे तपासणाऱ्या टी७ एंडोन्यूक्लिएज चाचणीत जेलवर जादा पट्टे (कापलेल्या डीएनएचे तुकडे) दिसले म्हणून लगेच यश मानू नये. हे एन्झाइम डीएनएच्या दोन धाग्यांचे बेस जुळत नसतील तिथे कापते, त्यामुळे आई-वडिलांकडून आलेला नैसर्गिक फरकही कापला जाऊ शकतो. त्याच जोडीच्या, इंजेक्शन न दिलेल्या भावंडांचा डीएनए त्याच जेलवर शेजारच्या खाचेत चालवावा. तेच पट्टे तिथेही उमटले, तर तुम्ही माशाचा मूळचाच फरक पाहत आहात.