‘हरलँड’ वर्गात शिकवताना

शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘हरलँड’ (१९१५) ही कादंबरी शिकवताना पहिले प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगावे आणि कथेतल्या केवळ स्त्रियांच्या देशात रस्ते कोणी बांधले असतील, भांडणे कशी मिटत असतील, याचे अंदाज विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावेत. त्या देशाच्या शोधात निघालेल्या टेरी, जेफ आणि व्हॅन या तीन पुरुषांचे तर्क त्यांशेजारी फळ्यावर मांडावेत. पुढे दोन गट करावेत. एकाने त्या स्त्रियांच्या भूमिकेतून, वासराला तोडून गाईचे दूध का काढता, असे साधे प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्याने ‘तशी रीतच आहे’ हे उत्तर टाळून कारणे द्यावीत. हे वाटते त्याहून अवघड जाते, म्हणून पूर्ण तास राखून ठेवावा. अपात्र ठरवलेल्या स्त्रियांना मातृत्व सोडायला लावणारा भाग मात्र वगळू नये. त्यावर लेखी टिपण घ्यावे.