हॉवरबोर्ड घेतलाय? मग या चुका टाळा

हॉवरबोर्ड, म्हणजे स्वतः बॅलन्स ठेवणारा दोन चाकांचा बॅटरीवरचा बोर्ड, घरात आला की सगळ्यांना लगेच चढायचं असतं आणि पहिली चूक तिथेच होते, एक पाय ठेवून लोक विचार करत उभे राहतात. फूटपॅडच्या (पाय ठेवायच्या जागेच्या) रबराखाली सेन्सर असतात, ज्या बाजूला पाय पडतो ती बाजू चालू होते, त्यामुळे एकच पाय असेल तर तेवढंच चाक फिरतं आणि बोर्ड गोल फिरून तुम्हाला पाडतो. पहिला पाय ठेवला, बोर्ड सपाट झाला की दुसरा लगेच ठेवायचा, दोन्ही पाय चाकांच्या जितके जवळ तितकं बरं. सुरुवातीला कोणाचा तरी हात धरा आणि हेल्मेट, मनगटाचे गार्ड घालाच, कारण पडताना माणूस हात टेकतोच.

उतरताना पूर्ण थांबून मागे पाय टाकायचा, पुढे कधीच नाही. पुढे उतरायला गेलात की वजन पंजावर जातं, बोर्डाला वाटतं पुढे जायचंय आणि तो पळतो. कमरेतून वाकून वेग घ्यायचा प्रयत्नही करू नका, सगळा कंट्रोल घोट्यात आहे.

छोट्या मुलांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. बऱ्याच बोर्डांना कमीत कमी २० किलोच्या आसपास वजन लागतं, ते नसेल तर सेन्सर नीट दबत नाहीत आणि मूल झुकलं तरी बोर्ड ऐकत नाही. मॅन्युअलमधली दोन्ही टोकं बघा, जास्तीत जास्त वजन आणि कमीत कमी पण.

इशारा म्हणून बीप वाजला, बोर्ड मागे झुकायला लागला तरी दामटत राहणं ही चूक जीवावर बेतू शकते. बॅलन्स ठेवायला मोटरकडे थोडी ताकद शिल्लक लागते, ती संपली की बोर्ड तुम्हाला सावरू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत वनव्हील या एकचाकी बोर्डाचे सुमारे ३ लाख नग रिकॉल झाले (कंपनीने परत मागवले) ते याच कारणावरून, मर्यादेबाहेर ढकलल्यावर बॅलन्स सुटत होता आणि त्यात चार मृत्यूंची नोंद होती. अजून एक, फुल चार्ज करून लगेच लांब उतारावर जाऊ नका, ब्रेक लागताना मोटर उलट बॅटरीत करंट पाठवते आणि भरलेल्या बॅटरीत तो घ्यायला जागा नसते.

आता बॅटरी, इथे मात्र अजिबात तडजोड नको. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत ५ लाखांहून जास्त हॉवरबोर्ड परत मागवले गेले कारण बॅटऱ्या तापून पेट घेत होत्या, त्याच वर्षी यूएल २२७२ हे सेफ्टी स्टँडर्ड आलं. घेताना तो मार्क बघा. बहुतेक बोर्ड ३६ व्होल्टचे आणि चार्जर ४२ व्होल्टचा असतो, पण पिन बसते म्हणून दुसऱ्या कशाचाही चार्जर लावू नका. रात्रभर चार्जिंगला ठेवणं, सोफ्याजवळ किंवा घराच्या दाराशी चार्ज करणं, चालवून आल्या आल्या गरम असतानाच प्लग लावणं, हे सगळं बंद करा. बॉडी फुगलेली दिसली किंवा वेगळा वास आला तर चार्ज करायचंच नाही. पावसाळ्यात महिना दोन महिने बोर्ड पडून राहणार असेल तर साधारण अर्धा चार्ज ठेवून कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून थोडा चार्ज करत राहा, पूर्ण रिकामी बॅटरी पडून राहिली की बहुतेक वेळा मरतेच. साचलेल्या पाण्यातून चालवू नका, पाणी आत गेल्याची शंका असेल तर चालू पण करू नका.

बिघडला वाटला तर लगेच दुकानात पळू नका. एका बाजूला ओढतोय किंवा उभं राहिल्यावर एक पाय खाली जातोय, तर आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे सपाट लेव्हल कुठली ते बोर्डाला परत शिकवा, बोर्ड बंद, सपाट फरशीवर दोन्ही बाजू एका लेव्हलला, मग पॉवर बटण लाइट ब्लिंक होईपर्यंत दाबून ठेवा (बऱ्याच मॉडेलमध्ये ५ ते १० सेकंद), नंतर बंद करून परत चालू. चतकोर तक्रारी तरी इथेच मिटतील असं मला वाटतं. लाल लाइट ठराविक वेळा ब्लिंक होत असेल तर मोजा आणि मॅन्युअलमध्ये बघा, प्रत्येक मॉडेलचे कोड वेगळे असतात.

एक चाक झटके देत असेल तर मोटरचा हॉल सेन्सर (चाक कुठे आहे ते ओळखणारा) किंवा त्याचं कनेक्शन तपासायला सांगा. बोर्ड बंद असताना चाक हाताने फिरवा, एकच चाक खूप जड आणि अडखळत फिरत असेल तर कंट्रोलरवरचा (मोटर चालवणाऱ्या सर्किटवरचा) मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा भाग, उडालेला असू शकतो. चार्जर लावल्यावर लाइट लाल न होता हिरवाच राहतो आणि बॅटरी रिकामीच, तर पोर्टमधल्या पिना वाकल्यात का बघा, मग चार्जर मल्टिमीटरवर चेक करून घ्या. बॅटरी पॅक मात्र घरी उघडू नका, आणि खराब झालेला पॅक कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.