प्राणी-गुप्तहेरांची परदेशातली गोष्ट पोट्ट्यांना कशी सांगायची (चोर आधीच पकडला न जाता)

उन्हाळ्यात बहिणींचे मिळून आठ-दहा पोट्टे आमच्याकडे असतात, रात्री गच्चीवर गाद्या पडल्या की "मामा, गोष्ट" सुरू. वाघ-सिंह झाले, भुतं झाली, आता त्यांना गुप्तहेर लागतात अन् तेही फॉरेनला गेलेले.

सोपं आधी उरकतो. गुप्तहेर दोनच ठेवा. आमचे मुंगूस अन् पट्टकादंब. पट्टकादंब म्हणजे ते हंसासारखं पाखरू, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर येतं अन् ऊन तापायच्या आत हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे परत जातं, म्हणजे पासपोर्ट-विमानाची भानगडच नाही, मुंगूस पाठीवर बसवलं की झालं. वजन कसं पेललं असं कोणी विचारलं तर ऐकू आलं नाही असं करा. देश एकच घ्या. चोरीही एकच, आमच्या गोष्टीत मोरीन खूर चोरीला जातं, मंगोलियातलं दोन तारांचं वाद्य, वर घोड्याचं डोकं कोरलेलं अन् तारा घोड्याच्या केसांच्या.

आता खरी मेहनत, पुरावा. लोक सांगतात सस्पेन्स शेवटपर्यंत ताणा. काही ताणू नका, पोट्टे झोपून जातात. पहिल्या वर्षी मी चोर शेवटच्या मिनिटाला झुडपातून काढला, लांडगा. भाची म्हणे, "मामा, हा लांडगा आधी कुठी होता? हे तं चीटिंग झालं." बरोबर होतं तिचं. दुसऱ्या वर्षी कुत्र्याला दुरून लाल दुपट्टा दिसला असं ठोकून दिलं तर सातवीतला एक उठूनच बसला, कुत्र्याले लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही म्हणे, निळा-पिवळा दिसते. गोष्ट तिथंच मेली.

तेव्हापासून मी उलटं रचतो. आधी थाप ठरवायची, मग तिला खोटी पाडणारी त्या देशातली एक खरी गोष्ट शोधायची. मंगोलियात मेंढपाळ गेरमध्ये राहतात, लोकर दाबून केलेल्या नमद्याचं गोल घर, अन् त्याचं दार दक्षिणेकडे असतं. एप्रिलातल्या थंडीत लहान करडं आत घेतात. त्यातलं एक करडू सांगतं, "पहाटे सूर्य उगवला, दारातून ऊन थेट तोंडावर आलं, तेव्हा वाद्य जाग्यावरच होतं." दक्षिणेच्या दारातून उगवतीचं ऊन कसं येईल?

पण दाराची गोष्ट पोरांना आधीच सांगितलेली पाहिजे, अन् सांगितली हे त्यांना कळलं नाही पाहिजे. इथं मी तीन उन्हाळे घातले. नुसतं "दार दक्षिणेला होतं बरं का" म्हटलं की मोठे लगेच कान टवकारतात. नाहीच म्हटलं तर परत चीटिंग. म्हणून ते दोन हशांच्या मधात दाबा. आत शिरताना मुंगसाचं डोकं ठेंगण्या दाराला आपटतं (हशा), ते चिडून विचारतं सगळ्यांची दारं एकाच बाजूला काऊन, पट्टकादंब म्हणतो उत्तरेचा वारा लागू नये म्हणून दक्षिणेला, अन् लगेच मुंगसाच्या हातात दुधाचा चहा, त्यात मीठ! तिथं खरंच मिठाचा चहा पितात. थू थू करत मुंगूस अंगणभर पळतं, पोट्टे हसून हसून लोळतात, दार गेलं डोक्यातून. वीस मिनिटांनी करडाची साक्ष आली की तुम्ही गप्प राहायचं. पाणी प्या. कोणीतरी एक बोलतंच, "थांबा! करडू खोटं बोलून रायलं!"

चोर दुष्ट ठेवू नका, बारके रात्री उठून रडतात. आमचं करडू दोस्ताला वाचवत होतं, दोन वशिंडांच्या उंटाचं पिल्लू, ज्याला आई जवळच घेत नव्हती, म्हणून वाद्य त्यानंच नेलं होतं. अशा सांडणीपुढे तिथले लोक खरंच मोरीन खूर वाजवतात अन् गाणं म्हणतात, मग ती पिल्लाला पाजते, ही रीत 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत पण गेली. एवढा भाग हळू आवाजात सांगा, तोवर अर्धी गच्ची घोरत असते.