एक एकर अंगण आणि झीरो टर्न : ठाण्याहून जॉर्जियाला आलेल्यांसाठी

सध्या मी नौपाड्यात आईकडे आहे. बाहेर जुलैचा पाऊस लागलाय आणि खाली सोसायटीचा माळी कंपाउंडच्या कडेचं वाढलेलं गवत कात्रीने कापतोय. दहा मिनिटांत आटपेल आणि चहाला जाईल. वरच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी आणि जावई मार्चमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात, अटलांटाच्या उत्तरेला घर घेऊन राहायला गेले. काल रात्री काकू फोन हातात धरूनच आल्या. "अरे, जावईबापू विचारतायत, गवत कापायची ती बसून चालवायची गाडी कुठली घेऊ? तूच बोल बाबा, मला काही कळत नाही." पाऊण तास बोललो. ठाण्याला आलं की हा प्रश्न कुणाकडून तरी येतोच, म्हणून या वेळी लिहूनच काढतो. एकोणीस वर्षं त्याच भागात राहतोय, तीन मशीनं वापरून झाली. पहिलं चुकीचं घेतलं होतं.

आधी जागेचा अंदाज. घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावरून थेट तिकडे गेलेल्या माणसाला एक एकर म्हणजे काय हे कळायला एक उन्हाळा जावा लागतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. पण त्यातून घर, ड्राइव्हवे, मागची झाडी वजा करा आणि प्रत्यक्ष कापायचं गवत किती उरतं ते बघा. वीस गुंठ्यांच्या आत असेल तर झीरो टर्न, म्हणजे बसून चालवायचं आणि जागच्या जागी वळणारं मशीन, घेऊ नका, मागून चालत जायचं सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे स्वतःच पुढे सरकणारं मशीन भरपूर झालं. शेजाऱ्याकडे आहे हे कारण मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलंय. तेच कारण माझंही होतं.

झीरो टर्नची गंमत अशी की त्याला बहुधा स्टिअरिंग नसतं. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ड्राइव्ह असतात आणि तुमच्या मांडीवर येणारे दोन दांडे, म्हणजे लॅप बार, एकेका चाकाचे. दोन्ही पुढे ढकलले की सरळ, एक पुढे एक मागे केला की मशीन जागच्या जागी गिरकी घेतं. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी नुसती भिरभिरणारी. झाडांच्या, वाफ्यांच्या भोवती कापताना याला तोड नाही. ट्रॅक्टरसारख्या मशीनला जिथे तीनदा मागे-पुढे करावं लागतं तिथे हे एका हिसक्यात वळतं. फक्त एका चाकावर गिरकी घेऊ नका. ते चाक जागीच घासतं आणि गवत मुळासकट उपटून निघतं. वळताना दोन्ही चाकं फिरती ठेवायची, हे दोन आठवड्यांत हाताला बसतं.

याच रचनेत खरा धोका आहे आणि तो दुकानात कुणी समजावून सांगत नाही. वळवणं आणि थांबवणं, दोन्ही कामं मागचीच दोन चाकं करतात. त्यांची पकड सुटली की तुमच्या हातात काहीच उरत नाही. अटलांटाच्या उत्तरेचा भाग सपाट नाही, चढउतारांचा आहे, आणि गवताखाली लाल चिकणमाती. माझ्या घरामागे ओढ्याकडे उतरणारी एक पट्टी आहे. पहिल्या वर्षी मेमध्ये सकाळी, दव वाळायच्या आत, मी तिथे आडवा निघालो. मशीन खालच्या बाजूला घसरायला लागलं. मी दोन्ही दांडे मागे ओढले. चाकं उलटी फिरत असतील, पण मशीन शांतपणे घसरतच होतं, येऊरच्या ओल्या कातळावर चप्पल सरकते तसं. एका पाइनच्या झाडाला पुढचं चाक टेकलं आणि थांबलो. झाडापलीकडे आठ फुटांवर ओढा होता. बायको किचनच्या खिडकीतून बघत होती. ती तेव्हा काही बोलली नाही, पण त्या वर्षी जो कुणी घरी आला त्याला तिने ते झाड दाखवलं.

तेव्हा मशीन बघायच्या आधी उतार मोजा. एक लांब सरळ फळी जमिनीवर ठेवा आणि त्यावर फोनमधली लेव्हल लावा. १५ अंश ही बहुतेक कंपन्यांनी दिलेली कमाल मर्यादा, काहींची १० अंशच आहे. तुमच्या मशीनच्या पुस्तकात जो आकडा असेल तो खरा. १५ अंश म्हणजे दहा फुटांत साधारण पावणेतीन फूट चढ. ऐकायला कमी वाटतो, बसल्यावर भीती वाटेल एवढा असतो. ओढा, तळं, माती अडवणारी भिंत (रिटेनिंग वॉल) यांच्या कडेला मशीनच्या दोन रुंदींएवढी पट्टी सोडून द्या आणि ती हाताने कापा. ओल्या गवतावर तर उतारावर जायचंच नाही. मागे उभी लोखंडी कमान असेल, तिला रोल बार म्हणतात, तर ती वर असताना सीटचा पट्टा बांधायचा आणि खाली पाडली असेल तेव्हा बांधायचा नाही. उलटं झालं तर कमान तुम्हाला वाचवते, पण तुम्ही सीटवर असाल तरच. कमान नसताना पट्टा तुम्हाला मशीनखाली अडकवतो.

तुमचं अर्धं अंगण उताराचं असेल तर सरळ लॉन ट्रॅक्टर घ्या. तो ट्रॉली ओढतो, खताची गाडी ओढतो, आणि त्याची पुढची चाकं खरोखर वळतात. कब कॅडेट कंपनीची स्टिअरिंगवाली झीरो टर्न मॉडेल्सही आहेत, त्यांत पुढची चाकंही स्टिअरिंगबरोबर वळतात. चढउतार बेताचा असेल तर मी ती बघेन.

आता डेक, म्हणजे पाती असलेला खालचा भाग. घरगुती मशीनमध्ये बहुधा ४२ इंचांपासून ६० इंचांपर्यंत मिळतो. एकराच्या आसपास ४२ पुरतो, दोन एकरांपर्यंत ५० ते ५४. मोठा घेतला की काम लवकर होतं हे खरं, पण मी ५४ इंचाचा आणला आणि मागच्या अंगणाचं फाटक निघालं ४८ इंचांचं. विकणाऱ्याने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. कुंपणाचा एक खांब उपटून परत रोवला, तो आजही वाकडा आहे. शिवाय डेकचा आकडा म्हणजे फक्त कापायची रुंदी. बाजूला गवत फेकणारं तोंड धरलं की एकूण रुंदी आणखी वाढते. टेप घेऊन दुकानात जा. हसतील, हसू देत.

हिशोब सोपा आहे. डेकची इंचांतली रुंदी गुणिले ताशी मैल, भागिले ९९, म्हणजे तासाला इतके एकर. ४२ इंच आणि ताशी ५ मैलांना दोन एकर येतात. वळणं, झाडं धरून त्यातले वीस टक्के कमी करा. म्हणजे एका एकराला छोट्या डेकनेही चाळीस मिनिटं पुरतात. मग दोन हजार डॉलर जास्त देऊन पंधरा मिनिटं वाचवून काय करणार? मीटिंगच ना?

डेक दाबून वाकवलेल्या पत्र्याचा असतो किंवा जाड पत्रे जोडून वेल्ड केलेला. पत्र्याच्या गेजमध्ये आकडा लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात ठेवा. तुमच्याकडे पाइनची मुळं वर आलेली असतील तर वेल्ड केलेलाच घ्या. इंजिन बहुधा कावासाकी, कोहलर किंवा ब्रिग्स अँड स्ट्रॅटन कंपनीचं असतं, घरगुती कामाला तिन्ही चालतात. त्यापेक्षा हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हचं तेल आणि फिल्टर बदलता येतो का, हे विचारा. काही स्वस्त मशीनमध्ये ती सोयच नसते. पेट्रोल १० टक्के इथेनॉलपर्यंतचंच घाला, १५ टक्क्यांचं नको. इकडे भारतात आता पंपावर २० टक्क्यांचं मिळतं, त्यामुळे नवीन आलेल्यांचं तिकडे लक्षच जात नाही. थंडीत मशीन ठेवून द्यायच्या आधी पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे ते खराब होऊ न देणारं द्रव्य, टाका, नाहीतर एप्रिलमध्ये कार्ब्युरेटर चिकट झालेला असतो. बॅटरीवरची मशीनंही आता चांगली आहेत. आवाज कमी, तेल बदलणं नाही. सपाट एकराला मी तीच घेईन, माझं तिसरं मशीन तेच आहे.

कुठून घ्यायचं? मोठ्या साखळी दुकानात स्वस्त पडतं, पण बिघडलं की ते शेवटी जवळच्या डीलरकडेच पाठवतात, आणि हंगामात डीलर आपल्या गिऱ्हाइकांना आधी बघतो. मी पहिलं असंच घेतलं आणि जूनमध्ये साडेतीन आठवडे गवत वाढताना बघत बसलो. एचओएचं, म्हणजे तिकडच्या घरमालकांच्या सोसायटीचं, पत्रही आलं. म्हणून पहिला हंगाम तर माणूसच लावा. एप्रिल ते ऑक्टोबर तो तुमच्या अंगणात कुठे मशीन नेतो आणि कुठे उतरून हाताने कापतो, हे कॉफी घेऊन बघत बसा. सगळं कळेल. आणि शरदात, हंगाम संपता संपता खरेदी करा.

एक गोष्ट मात्र आईबाबा यायच्या आधी घरात ठरवून टाका. आजोबा ठाण्याहून येतात, गाडी बघून खूश होतात आणि म्हणतात, "अरे, बाळाला मांडीवर घे ना, एक चक्कर मार." नाही मारायची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बसून चालवायचं मशीन १६ वर्षांखालच्या मुलाला चालवू देऊ नका म्हणते, आणि लहान मूल मांडीवर घेणं तर अजिबातच नाही. मशीन चालू असताना मुलं घरात, दार बंद. मागे घेताना आधी मान वळवून बघायचं. माझ्या वडिलांना राग आला होता, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच नातवाला हाताला धरून आत घेऊन गेले.

गवताचंही बघा. उन्हातल्या अंगणात बहुधा बर्म्युडा ग्रास असतं, ते एक ते दोन इंचांवर ठेवायचं. सावलीत फेस्क्यू नावाचं गवत असेल तर तीन ते चार. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. आणि हे बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली दूर्वाच, सायनोडॉन डॅक्टिलॉन, जिच्या जुड्या ठाणे स्टेशनबाहेर गणपतीत विकत घेतो. पहिल्या भाद्रपदात मी शनिवारी अख्खं अंगण कापून टाकलं आणि रविवारी एकवीस दूर्वा मिळेनात. आता गणपतीआधी मागच्या कुंपणाजवळ दोन हातांची चौकट न कापता ठेवतो आणि तिथे तणनाशकही मारत नाही. वाकड्या खांबाच्या पायथ्याशी, सापडायला सोपं जातं.